खालची रहदारी

गोंदूरची धावपट्टी मी तीन महिन्यांत उतरवली
उपग्रहाच्या फोटोवरून, भेग न् भेग;
पत्र्याची शेड, वाऱ्याचा मोजा, कडेच्या बाभळी,
कुंपणाला अडकलेली पिशवीसुद्धा.
देवपुरातल्या माळ्यावर, दुकान बंद झाल्यावर,
जॉयस्टिक धरून मी तिथे उतरायचो
आणि दर वेळी वाटायचं
आख्खा धुळे जिल्हा कुठे लग्नाला गेलाय.

म्हणून गाड्या घातल्या.
आधी आग्रा रोडवर टिंबं टाकत जायचं,
टिंबाला टिंब जोडायचं, वेग लिहायचा,
दोन गाड्यांत किती अंतर, तेही लिहायचं.
गाड्या तयार मिळाल्या, कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या:
पिवळ्या शाळाबस, नाक पुढे आलेले ट्रक.
सोडल्या, तर सगळ्या उजव्या अंगाने निघाल्या,
जणू आपणच आजवर चुकत होतो.
लळिंगच्या चढावर चाकं मडगार्डपर्यंत जमिनीत
आणि तरी चाललेल्या, वखर चालावी तशा.
पुलावर एकही चढली नाही.
पुलाखालून, सरळ पांझरेच्या पात्रातून पलीकडे.
नदीला पाणी नव्हतंच,
त्यामुळे हे चुकलंय हे कळायला मला दोन दिवस लागले.

एस.टी. मात्र मी स्वतः बांधली.
लाल रंग चार वेळा बदलला.
खिडक्या रंगवलेल्या, आत काही नाही.
पाटी लिहिली: धुळे – आर्वी.

हिलालमामा डोळ्याच्या ऑपरेशनला आलेला,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
एकतीस वर्षं धुळे डेपोचा ड्रायव्हर.
विमानाकडे त्याने बघितलंच नाही.
दुसरा डोळा पडद्याला लावून म्हणाला,
‘घाटमा कोनी चाळीसनी चढस का रे?’
मी अठरा लिहिले.
‘आठे फाटा शे. उभी कर.’
म्हटलं, मामा, थांबायचे सेकंद लिहावे लागतात.
वीस लिहू?
‘म्हातारी बाई ऱ्हायनी त?’
चाळीस लिहिले.
तो काही बोलला नाही. कोपऱ्यातला तांब्या उचलून पाणी प्याला.
‘गाठोडं बी ऱ्हास तिनापाशी.’
साठ.

एस.टी. आर्वीच्या पुढे, माझा नकाशा संपतो तिथे,
पटकन विझली.
‘पुढे कोठे जास ती?’
कुठेच नाही. पुन्हा धुळ्याहून निघते, पहिल्या टिंबापासून.
मला वाटलं त्याला वाईट वाटेल.
तो हसला, पोट हलेपर्यंत,
‘एकतीस वरीस मी बी हाईच करं!’

गाड्या वाढल्या तसा पडदा अडखळू लागला.
विमान हवेत गचके खायला लागलं, ढग तुटक तुटक.
काहीतरी काढणं भाग होतं.
ट्रक काढले, शाळाबस काढल्या,
रात्रीच्या दिव्यांची रांग काढली,
जी करायला मला दिवाळीची सुट्टी लागली होती.
खरं तर वरून, दोन हजार फुटांवरून,
फाट्यावर कोण थांबलंय ते दिसतच नाही.
लाल ठिपका. तोही असला तर.

पण त्या रात्री मी उडालोच नाही.
विमान धावपट्टीच्या टोकाला, पंखा फिरतोय,
आणि आम्ही दोघं नजर खाली, फाट्यावर.
एस.टी. आली. थांबली.
दाराशी कुणी नाही, दारच नाही,
रंगवलेलं आहे.
मामाचा डावा हात गुडघ्याजवळ, मूठ सैल,
गिअरचा दांडा असतो त्या उंचीवर.
मी सेकंद मोजत होतो.
तो मोजत नव्हता, आरशात बघतात तसा
पडद्याच्या उजव्या कडेला बघत होता.

पन्नास. पंचावन्न.
‘घंटी?’ त्याने विचारलं.
आवाज टाकता येत नाही, मामा, अजून जमलं नाही मला.

मग त्यानेच बोटाच्या पेराने
टेबलावर दोनदा वाजवलं,
आणि एस.टी. हलली.