समुद्रपूर, प्राणिशास्त्र प्रयोगशाळा

समुद्रपुरात समुद्र नाही.
तहसील आहे, जिनिंग आहे, तुरीचे ढीग,
आणि कॉलेजच्या कपाटात
काडेपेटीभर सागरी शंख,
तांदळाच्या कणीएवढे.

पंचफुलाबाई ते सुपात ओतते,
तूर निवडावी तशी बोटं फिरवते.
मी भिंगातून सांगत राहतो:
टोक वर धर, तोंड आपल्याकडे.
हे वेढे, ही दोन वेढ्यांमधली शिवण,
मण्यांच्या तीन ओळी,
आत न दिसणारा खांब
ज्याभोवती एक जीव
जन्मभर जिना बांधत गेला.
तोंड उजवीकडे आलं की शंख उजवा.

ती थांबते.
"सर, हे त समदे डावे हायेत."

पुस्तक काढतो, धूळ झटकतो.
खरंच. अख्खं कूळच डावखोरं,
आणि मी बारा वर्षं चिठ्ठीवर
भलत्याच घराण्याचं नाव लिहून बसलेलो.

तिला नवल नाही.
एक शंख उचलते, डाव्या हातानं.
मनगटावर जुना, चकाकता डाग.
"मायनं उलथनं टेकवलं होतं,
पंगतीत वाढाले गेली तवा."

मी नवी चिठ्ठी लिहितो.
शाई वाळेस्तोवर ती विचारते,
"यायले तिकडं पान्यात
कोनी मारत नसन, नाई सर?"