रस्ता ओला आहे

दर वर्षी पहिल्या तासाला
मी फळ्यावर त्याच दोन ओळी लिहिते:
पाऊस पडला की रस्ता ओला होतो.
रस्ता ओला आहे.
मग खाली 'म्हणून' लिहून
खडू तिथंच धरून ठेवते.

कुताइसीच्या वाचनालयाचं तळघर, गुरुवार, संध्याकाळचे सहा.
एकच हीटर, तोही अधूनमधून शिंकणारा.
सात जण आलेत, बहुतेक पेन्शनीतले:
एलिसो, जिनं ट्रॉलीबसमध्ये जन्मभर तिकिटं फाडली;
दारेजान, दाताची डॉक्टर,
अजूनही समोरच्याच्या तोंडात बघत बोलते;
आणि भिंतीला टेकून, कोट न काढता, नुगझार.

"म्हणून पाऊस पडला," सगळे एका सुरात.
या चुकीची मी वाटच बघत असते,
माझा पगार तिच्यावरच चालतो.

"पाऊस कुठला?" नुगझार म्हणाला. "मी होतो."

चौथा डेपो. पाच टनांची टाकी.
पहाटे साडेतीनला निघायचं,
बाजारापासून पांढऱ्या पुलापर्यंत,
हिवाळ्याचे चार महिने सोडून रोज.
"लोक खिडकी उघडून म्हणायचे, रात्री पडून गेला वाटतं.
एकतीस वर्षं मी या गावात
पाऊस म्हणून नोकरी केली."

हसणं ओसरल्यावर एलिसोनं विचारलं
(तिच्या पर्समध्ये कायम एक मेणबत्ती असते, चर्चसाठी):
"मग हे सगळं जग आहे, म्हणजे
त्याच्यामागेही कुणीतरी टाकी घेऊन फिरलंच असेल ना?"

मी तोंड उघडलं. चार आक्षेप तयार होते, क्रमाने.
नुगझारनं टोपी गुडघ्यावर फिरवली.
"फिरलं असेल. किंवा नुसता पाऊस असेल.
रस्त्याला दोन्ही सारखेच.
छपरं बघायची, बाई.
पाऊस छपरंही भिजवतो,
माझं पाणी फुटपाथच्या दगडापर्यंतच जायचं."

"जगाचं छप्पर कुठं असतं?" दारेजान.
"ते मला काय माहीत. मी ड्रायव्हर."

तीस वर्षं शिकवते आहे.
या चुकीचं लॅटिन नाव मला झोपेतही सांगता येतं.
'छपरं बघा' हे कुठल्या पुस्तकात नव्हतं,
किंवा असेल, मी पान उलटलं असेल.

वर्ग सुटला. खुर्च्या रचता रचता
फळ्याकडे लक्ष गेलं, आणि त्या दोन ओळींच्या जागी
माझ्याच अक्षरात दुसऱ्या दोन दिसल्या:
नातेला रागावली की फोन करत नाही.
नातेला फोन करत नाही.
म्हणून –

अकरा वर्षं.
बहीण बातुमीत, मिनीबसनं अडीच तास.
आईच्या शिवणयंत्रावरून काहीतरी बोलणं झालं होतं,
काय, ते आता मला धड आठवतही नाही.
राग सोडून दुसरं काय असू शकतं, याची यादी
मी कधीच केली नाही:
लाज. आजार. की तिच्याही फळ्यावर
माझं नाव घालून हीच दोन वाक्यं.
आणि खाली हेच 'म्हणून'.

बाहेर पडले तर रस्ता ओला.
मला हसू आलं. वर बघितलं,
अंधारात छपरं काही सांगेनात.
मग कडेला उभ्या एका गाडीच्या टपावर
चोरासारखा तळहात ठेवला.

ओला होता.
तर पाऊसच, म्हणेपर्यंत
मानेवर एक थेंब पडला, मग दुसरा, मातकट वासाचा:
तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कुणी बाई
अंधारातच कुंड्यांना पाणी घालत होती.
"माफ करा हं," ती वरून ओरडली, "खाली कुणी आहे का?"

आहे, म्हटलं.
एवढं एक वाक्य
पुराव्याशिवाय म्हणता आलं.

बातुमीची शेवटची मिनीबस आठला.
पावणेआठ झाले होते.