शेवटचा लिटर, टेक चौथा

सुगत खंडारेनं जग संपवायचं ठरवलं
तेव्हा त्याच्याजवळ होते बावीस हजार,
मावसभावाचा लग्नं शूट करायचा कॅमेरा,
आणि मी, वेल्डिंगवाला.
भविष्यकाळ बनवून दिला मी त्याला, उधारीवर.

फवारणीचे तीन फुटके पंप रंगवले
की झाले ऑक्सिजनचे सिलिंडर.
दर्यापूरच्या भंगारातलं लुनाचं चाक,
बंद पडलेल्या जिनिंगमधलं पातं,
कुणाच्या तरी मेलेल्या कुलरची जाळी,
यातून उभं राहिलं
सन दोन हजार एक्क्याण्णवचं पाणी हुडकणारं यंत्र.
पाणी लागलं की शिट्टी वाजवायचं.
शिट्टी आमच्या कुकरची.
बायको अजून विचारते.

गोष्ट साधीच. नद्या आटल्या, पेट्रोल संपलं,
मीठ तेवढं उरलं.
पूर्णेच्या पात्रात उभं राहून पंजाब ढोरेनं म्हणायचं,
‘इथं एक नदी होती.’
नेमकं त्याच दिवशी वरून कुठूनसं पाणी सोडलं.
पंजाब बूट हातात घेऊन म्हणाला,
‘आता होती कसं म्हनू बावा?
वाहून राह्यली ना थे.’
सुगतनं कॅमेरा आभाळाकडे वळवला.
आभाळाला भाडं नसतं.

कमी पैशात जग नीट संपत नाही.
चौकटीच्या कोपऱ्यात हरभरा डोकावतो.
मागून एसटी जाते, कंडक्टर हात हलवतो.
प्रलयानंतरच्या भयाण शांततेत
गिरणीचा पट्टा फटफटतो,
आणि शेवटच्या माणसाला त्याची आई
जेवायला हाक मारते, नावानं.

शेवटचा सीन गोकर्णाबाईचा.
पृथ्वीवरचं शेवटचं एक लिटर गोडं पाणी,
आणि ते पिणारी शेवटची म्हातारी.
मानधन नव्हतंच. पाणीही तिनंच आणायचं होतं
तिच्या रांजणातून.
आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
चहा फाटतो.
गोडं पाणी नळाला, बाराव्या दिवशी.

‘ॲक्शन.’
तिनं थरथरत तांब्या उचलायचा होता.
तिनं नऊवारीचा पदर घेतला, दुहेरी केला,
गडव्याच्या तोंडावर ताणून धरला,
आणि पाणी गाळायला लागली.
‘कट! आजी, जग संपलं आहे.
आता कोण गाळून पितं?’
उंबऱ्यात चिखलाच्या पायांनी आलेल्या पोराकडे पाहावं
तसं पाहिलं तिनं.
‘जग संपलं थे तुह्यं.
पोटात तं माह्या जाते ना पानी.
मायच्या पायातला नारू पाह्यला मी,
काडीले गुंडायून रोज बोटभर काढे बुवा.
रडे नाई थे. आपनच रडो.’

दुसरा टेक. गाळलं.
तिसरा. गाळलं.
चौथ्याला सुगत काहीच बोलला नाही.
ती अर्धं प्यायली.
उरलेलं झाकलं, वर वाटी दाबून बसवली.
‘सगळं प्यायचं होतं, आजी.’
‘सांजीले लागन.’
स्क्रिप्टमध्ये सांज नव्हती.

शाळेच्या भिंतीला चादर बांधून दाखवला पिक्चर.
लोक हसले. यंत्राच्या शिट्टीला
बायको मागून म्हणाली, हे पाहा.
गोकर्णाबाईनं पदर दुहेरी केला,
आणि लाईन गेली.

कुणी उठलं नाही.
अंधार पिक्चरमधलाच वाटला सगळ्यांना,
खर्च न करता इतका चांगला जमलेला.
सुगत वायरी चाचपत होता.
तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून आवाज आला,
‘मंग मी अर्धं पेली.
मंग झाकन लावलं.
बस, एवढंच हाये.’

तरी माणसं बसून राहिली थोडा वेळ.
ती मात्र उठली, चप्पल शोधली पायानं,
भिंत धरत घरी गेली.
उद्या बारावा दिवस होता,
रांजण घासायचा होता.