दोन मिलिमीटर

कागदाची पट्टी पापणीत अडकवून
भोरताई घड्याळ लावतात. पाच मिनिटं.
प्रणीतने डोळे मिटून घेतलेत,
पट्ट्यांची टोकं गालांवर लोंबतायत,
तो विचारतो, मी झुरळ दिसतोय का?
दिसतोयस, मी म्हणते.
खाली शरणपूर रोडवर कुणीतरी हॉर्न दाबून बसलंय.

निळी रेघ चढते, दोनवर थांबते.
पंधराच्या पुढे जायला हवी.
भोरताई लिहितात: उजवा दोन, डावा दोन.
मागच्या वेळी तीन होती ना, आई विचारते,
चाचणीचे मार्क विचारावेत तशी.

त्याचा रक्तगट आता माझा आहे.
पुण्याला, मी आठवीत असताना,
कमरेच्या हाडातून काढून
त्यांनी मला एका पिशवीत भरलं,
टोमॅटोच्या साराच्या रंगाची मी,
आणि ती पिशवी त्याच्या उशाशी टांगली.
सातपूरच्या कॉलनीत माझा सत्कार झाला.
नारळ, शाल.
शालीला किमतीचं लेबल तसंच.

शंभर दिवस गेले, आणि मग
माझ्या पेशींना तिथलं काही ओळखू येईना.
आधी कातडी. मग तोंड. मग
पापणीच्या वर बदामाएवढी गाठ असते म्हणे,
पाणी तयार करणारी,
तिलाही त्यांनी परकी ठरवलं.
डॉक्टर निफाडकर हे समजावताना
माझ्याकडे बघत नव्हते.
पेशींना काय कळतं, म्हणाले.
कसं कळत नाही? माझ्याच ना त्या.

मावशीने रामकुंडावरून गंगेचं पाणी आणलं.
आईने ते देवापाशी ठेवलं, डोळ्यांत नाही घातलं.
पण एका दुपारी तिने त्याला जवळ बसवून
लासलगावचे चार कांदे चिरले.
कशाला, ते बोलली नाही. भाजी तर वांग्याची झाली होती.
तिच्या डोळ्यांना धारा, माझ्या डोळ्यांना धारा,
त्याचे नुसते लाल झाले,
आणि तो मोरीकडे पळताना दारावर आपटला.
तेव्हापासून कांदा मी चिरते,
गॅलरीत, दार लावून.

दर तासाला थेंब. शाळेत बाई घालतात.
टोपणावर मी पेनने तारीख टाकते,
उघडल्यापासून एक महिना.
स्टेरॉइडने डाव्या भिंगात धुकं धरलंय,
त्र्यंबक रोडचे दिवे त्याला केसाळ दिसतात.
केसाळ दिवे. शब्द त्याचाच.
मामाच्या गावी द्राक्षांवर गंधक मारतात
तेव्हा तो पोहायचा गॉगल लावून बांधावर हिंडतो,
पोरं त्याला पाणबुड्या म्हणतात.
पाणबुड्या!

परवा टिपू गेला, खालच्या गॅरेजमधला कुत्रा.
टेम्पो मागे घेताना.
प्रणीत दोन-दोन पायऱ्या चढत वर आला,
ओठ कापत होते,
माझ्यासमोर मान मागे टाकून उभा राहिला.
ताई, आधी थेंब घाल.
मला रडायचंय.

घातले. या डोळ्यात एक, त्या डोळ्यात एक,
हात हलला म्हणून आणखी एक.
ते सांडले, गालावरून हनुवटीपर्यंत आले,
आणि तो रडला, खरंच रडला,
माझ्या टी-शर्टात तोंड खुपसून.
तोवर माझंही सुरू झालं होतं,
न मागता, फुकटचं.

त्याने वर पाहिलं. माझ्या गालावरचं
बोटाने टिपून जिभेवर ठेवलं.
खारट आहे, म्हणाला. माझं नव्हतं.

मग नाक पुसलं,
आणि टिपूला पुरायला
आपल्याकडे फावडं आहे का, विचारलं.