झाकणाच्या मापाने

वेल्डिंगवाला शेते म्हणाला, आता पुरे.
या रिमला मी तीनदा टाके घातलेत,
चौथ्यांदा घातले तर टाकेच उरतील.
त्याने बोट ठेवून दाखवली भेग,
बोल्टच्या भोकापासून निघालेली, केसाएवढी.
केस कुठे संपतो ते मात्र दिसत नव्हतं.
बाकीची तीनही पाहून त्याने नुसती मान हलवली.

जूनमध्ये खिंड उघडेल.
मेंढ्या पायी चढतील,
पण पिठाची पोती, मीठ, आईचे गुडघे
हे सगळं गाडीतूनच तुशेतीला जायचं.
गाडी चौसष्ट सालची गाझ,
माझ्याहून अकरा वर्षांनी थोरली
आणि सकाळी उठायला माझ्यासारखीच नाखूश.

म्हणून मी रुस्तावीच्या बाजारात.
खिशात चीज विकून आलेले तीनशे लारी,
पिशवीत मिठाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण.
हबच्या तोंडावर ते नेमकं बसतं.
ज्या चाकाच्या मधून झाकण आरपार जाईल
ते माझं. बाकी मला मोजता येत नाही.

पहिल्या दुकानात अलॉय.
एकाच चाकाला तीनशे चाळीस.
अख्ख्या गाडीला कुणी एवढे देणार नाही;
नाकापेक्षा मोती जड.
शोभतील, दुकानदार म्हणाला.
आमच्या वाटेवर बघायला गिधाडं असतात, मी म्हटलं,
आणि त्यांचं लक्ष चाकांवर नसतं.

पुढे निवाची चाकं, ढीगच, चाळीसला एक.
पाच भोकं. तीच पाच, तेवढ्याच अंतरावर!
मनातल्या मनात मी पैसे देऊनही टाकले.
मग झाकण लावलं.
अडलं.
नखाएवढंच, पण अडलं.
लेथवर फिरवून घे, कुणीही देईल करून.
देईल. पंचवीस लारी, आणि पातळ झालेलं लोखंड,
आणि अबानोच्या वळणाखाली ती दरी.
स्वस्ताई कुठवर पुरते
हे तिथे पोचून कळण्यात काय हशील.

बाजाराच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत
गिगला नावाचा म्हातारा, फौजेतली जुनी रिमं घेऊन.
हिरव्यावर हिरवा, त्यावर आणखी एक हिरवा,
रंगच इतका जाड की गंजाला शिरायला जागा नाही.
झाकण आरपार गेलं, त्याच्या पायाशी खणखणलं.
तो हसला नाही. हातोडी पुढे केली : वाजवून घे.
मडकं घेताना वाजवतात तशी मी वाजवली.
एक, स्वच्छ. दुसरं, स्वच्छ. तिसरं जरा घोगरं,
पण गजावर फिरवलं तर काठ सरळ.
चौथं बद्द.
ते त्यानेच बाजूला सरकवलं.

तीनच आहेत, मी म्हटलं. मला चार हवीत.
स्टेपनी बघितलीस?
नव्हती बघितली.
गाडीच्या डाव्या कुशीला ती वडिलांच्या काळापासून,
तिचा नट गंजून गच्च,
तिच्यावर आम्ही दोर लटकवतो, ओले मोजे वाळवतो,
कोकरू बांधतो.
ते चाक आहे हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं.

पासष्टावरून पंचावन्नावर आलो,
त्याने एका चहाचे पैसे माझ्याकडून वसूल केले.
उरलेल्यात दोन ट्यूब
आणि आईच्या गुडघ्यांना पट्टे.

शेतेने पाईप घालून नट सोडवला, शिव्या देत.
आतलं रिम कारखान्यातून आल्यासारखं,
खडूने लिहिलेला कुठलासा आकडा अजून तसाच.
पन्नासहून जास्त वर्षं सगळ्या घाटांतून हिंडलं
आणि जमिनीला एकदाही टेकलं नव्हतं.
त्याला पुढे उजवीकडे लावलं. दरीच्या बाजूला.
भेग गेलेल्यांतलं बरं त्यातल्या त्यात एक
त्याच्या जागी टांगलं, मोज्यांसाठी.

घोगरं मागे डावीकडे आहे. ताशी तीसला गुणगुणतं.

आईने पट्टे बांधून पाहिले, काही बोलली नाही.
चाकांकडे तर गेलीच नाही.
मिठाचं झाकण कुठंय, म्हणाली,
चार दिवस डबा उघडा, सगळं मीठ पाणी पाणी झालं.
मी म्हटलं, शोधते.
ते गाडीतच आहे, सीटखाली.