शेरा

सकाळी सहा बेचाळीसला सुकती लागली.
आज अष्टमी, भांगाचं पाणी, फार लांब ओसरत नाही,
म्हणून पाखरं जवळ.
भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागच्या बांधावर
मी, एक दुर्बीण, आणि खटक्याचं मोजणीयंत्र.
दर शंभर रोहितांमागं एक खटका.
पस्तीस, छत्तीस, सदतीस...
तेवढ्यात पलीकडं कुणीतरी ड्रोन उडवला
आणि अख्खी गुलाबी ओळ उठून
दुसऱ्या कुणाच्या तरी चौकटीत जाऊन बसली.

चांगुणाआत्या मांडीभर चिखलात होती.
कमरेला डालड्याचा जुना डबा,
डब्यात नऊ निवट्या.
तिला मोजायला यंत्र लागत नाही.
"आयशीचे वक्ताला डबा दोनदा भरायचा.
तवा ही लाल पाखरं औषदालाबी नव्हती.
आता पाखरंच पाखरं, न् माजा डबा हा असा.
त्याईनीच खाल्ल्या ना रं?"

नाही आत्या.
त्यांच्या चोचीत चाळणी असते,
निवटी तिच्यातून आत जायची नाही.
ही धाकटी जात खाते चिखलावरचं हिरवं शेवाळ.
शेवाळ वाढतं सांडपाण्यावर.
सांडपाणी म्हणजे मुलुंडच्या चौदाव्या मजल्यावरची
खरकटी भांडी, विक्रोळीची आंघोळ,
तू काल धुतलेलं लुगडं,
आणि मी सकाळी निघताना ओढलेली साखळी.
एवढा गुलाबी कुठून आला
ते फोटोवाल्यांना कुणी सांगू नये.

ती हसली नाही.
कोपरापर्यंत हात एका बिळात घालून म्हणाली,
"मग माज्या निवटीला कोन खातं?"
ते मला माहीत नव्हतं.
तेच सांडपाणी असेल, किंवा पलीकडचा भराव,
किंवा ती चिलापी,
जी कुणीतरी कधीतरी तळ्यात सोडली
आणि आता नाल्याच्या तोंडाशी
आपलंच घर असल्यासारखी फिरते.

बीळ चिंबोरीचं निघालं.
चिंबोरी बीळ करते म्हणून
तिवराच्या मुळाशी वारा पोचतो,
तिवर पान टाकतं, ते ओढत ती बिळात नेते,
आणि रात्री कोल्हा येऊन तिलाच नेतो.
म्हणजे न्यायचा.
आत्या म्हणते, परवा एक दिसला,
तोंड कोल्ह्याचं न् शेपूट वर वळलेली, कुत्र्याची.
कचऱ्याच्या डोंगराकडून कुत्री आली,
आधी भांडली, मग नात्यात आली.
माझ्या तक्त्यात कोल्ह्याला एक ओळ आहे,
कुत्र्याला एक.
ह्याला कुठं लिहू?

शाळेत समतोल शिकवला तेव्हा
फळ्यावर तराजू काढला होता,
दोन पारडी, मधे काटा.
इथं पारडी किती तेच कळत नाही,
एकात घातलं की तिसरंच हलतं,
आणि काटा कुठंतरी चिखलात
गुडघाभर खाली.

पाणी परतायला लागलं.
आत्यानं डबा उघडला,
दोन पोटुशा निवट्या बोटानं चाचपून
चिखलावर सोडून दिल्या.
एक टुणकन उडून दिसेनाशी झाली.
दुसरी घारीनं उचलली,
सावली आधी आली, मग घार.
"वाया गेली," मी म्हटलं.
"वाया?" ती चिडलीच.
"घारीची पोरं काय वाऱ्यावं जगतात?
तो तिचा वाटा."

बाजारात ती सातांचे दोन वाटे लावील,
तीन आणि चार, चाराचा थोडा महाग.
घरी आज सुकं.

मी तक्ता भरला.
रोहित, धाकटे: अंदाजे तीन हजार सातशे.
कोल्हा: प्रश्नचिन्ह.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, बोटभर रुंदीचा.
त्यात लिहिलं,
"निवट्या नऊ. दोन परत. एक घार."

वर्तकसाहेब हे खोडतील.