आकसण्याची सूट

रात्रपाळी उतरून शिरोलीहून आलो
तर तू आईच्या खांद्यावर,
तिच्या मंगळसूत्राची वाटी हिरड्यांत धरून.
डोळे दोघींचेही लाल.
"हिला काहीतरी चावायला दे," ती म्हणाली,
"चार दिवसांत हिनं कंगवा चघळला, रिमोट चघळला,
माझा दंड तर बघूच नकोस,
आणि काल तुझी लग्नातली कापशी."
चपलेचा अंगठा ओला होता, खरंच.

दुकानातल्या रस्कच्या पुड्यावर
साखरेचं नाव दुसऱ्या नंबरला.
म्हणून नाचणी.
मोड तिनं आणले, वाळवून भाजलीही तिनंच,
दळायला मी गेलो, उत्तरेश्वराच्या अलीकडच्या गिरणीत.
ऐन चटणीचे दिवस, गल्लीभर खाट,
शिंकत शिंकत गिरणीवाल्यानं विचारलं, "कुणासाठी?"
सांगितलं.
त्यानं जात्यातून आधी किलोभर स्वतःचे गहू काढले,
पीठ हुंगलं, पुन्हा काढले,
आणि पैसे फक्त नाचणीचे घेतले.

रंगूताई चौगुले जिन्यातूनच ओरडल्या,
"गूळ घाल की रे चमचाभर!
कोल्हापुरात जन्मून पोरगी अळणी खाणार व्हय?"
वर्षाची होऊ दे, म्हणालो, केळं गोड असतंय.
रुसून गेल्या.
तिन्हीसांजेला अर्धी ढेप दारात ठेवून गेल्या,
वर खडूनं तुझ्या वाढदिवसाची तारीख.

तू झोपलीस तेव्हा
व्हर्नियर लावून तुझी मूठ मोजली.
अडतीस पॉइंट चार.
तुझी आई हसली, म्हणाली, रिजेक्ट करणार काय?
बिस्किट मुठीतून दोन्हीकडं बोटभर बाहेर हवं,
एक टोक धरायला, एक चावायला,
आणि भाजताना ते आकसणार.
लोखंड थंड होताना शंभराला एक आकसतं,
तेवढा पॅटर्न मोठा करतात दत्तोबा, न लिहिता, न मोजता.
नाचणी किती आकसते
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

पहिला घाणा: दगड.
टेबलावर आपटला तर टेबलालाच खूण.
दुसरा: हातात घेताच भुगा,
तुकडा घशात गेला असता, या विचारानं
मी ओव्हनपुढं बसून राहिलो बराच वेळ.
तेराशे-चौदाशे डिग्रीचा रस मी रोज ओततो
आणि इथं एकशेसाठला माझे हात कापत होते.
तिसरा दोनदा भाजला,
एकदा शिजायला, एकदा नुसता वाळायला,
मग दार किलकिलं ठेवून
ओव्हनमध्येच निवू दिला, घाई न करता,
आम्ही कास्टिंग साच्यातच राहू देतो तसा.
घाईनं काढलं तर तडा जातो.
हे मला ठाऊक होतं. दोन घाणे आठवलं नाही.

पहिला घाणा डब्यातून नेला दत्तोबांकडं.
वरचे दात गेलेत त्यांचे, खालचे चार.
चहात बुडवून, शंभर मोजून,
तोंडात घोळवत म्हणाले, "भट्टी चुकलीय.
माप बरोबर हाय."
उरलेले कागदात गुंडाळून खिशात घातले.

आणि तू.
तू बिस्किट हातात घेतलंस, बघितलंस,
उलटं केलंस, जमिनीवर टाकलंस.
दुसरं दिलं. तेही.
तिसरं तोंडात गेलं
आणि घरात इतकी शांतता झाली
की खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी आम्ही मोजली.
तपकिरी लाळ कोपरापर्यंत,
माझ्या ड्युटीच्या शर्टावर, खिशावर, बिल्ल्यावर.

आम्ही कास्टिंग हातोडीनं वाजवून ऐकतो.
तडा असला तर बद्द वाजतं.
पाणी पाजताना चमचा लागला तुझ्या खालच्या हिरडीला
आणि वाजला.
बारीक. स्टीलवर काहीतरी.
मी पुन्हा वाजवला. तुझ्या आईला बोलावलं, तिनं वाजवला.
मग तू वैतागून रडायला लागलीस
आणि आम्ही चमचा लपवला.

शर्ट अजून धुतलेला नाही.
आज रात्री तोच घालून जाणार आहे.